मोतीबाईंचा कप

आज अंबरनाथच्या चर्चमध्ये सलोमीला सगळ्यांसमोर आपल्या विश्वासाची कबुली द्यायची होती. पांढरी साडी नेसून ती घराच्या दारातच बसली.

"चल गं, पाळकसाहेब खोळंबलेत," आई म्हणाली.

"आधी मोतीबाईंना आपल्या कपात चहा दे."

भांडी घासणाऱ्या मोतीबाईंचा कप खिडकीत वेगळा ठेवलेला असे.

"आज हे काय काढलंस? आपण उपास करतो, एक रविवार चुकवत नाही."

"आणि कप वेगळा ठेवतो. मग मी कबुली कसली देऊ?"

"जाऊ दे गं पोरी, माझ्यापायी कशाला भांडतेस?" मोतीबाई म्हणाल्या.

सलोमी हलली नाही. आई रागाने एकटीच गेली.

चर्चमध्ये पाळकसाहेबांनी सलोमीचं नाव पुकारलं. बराच वेळ कुणी उठेना. शेवटी आई उभी राहिली.

"पोरगी आली नाही, ती माझ्यामुळे," ती म्हणाली.