पन्हळीवरची जाळी आणि फळीवरचा राजा

मी एक जुनी पन्हळ आहे, मित्रांनो. छपराच्या कडेला लटकायचं, कौलांवरून येणारं पाणी झेलायचं आणि नळीवाटे अंगणात सोडायचं, हे माझं काम. साधं वाटलं ना? अहो, एकदा मी अख्खा ढग एका घोटात गिळला होता! खोटं वाटत असेल तर माझ्या जुन्या नळीला विचारा. ती भंगारात गेली, त्याला मी काय करू?

माझा जन्म बेंगळुरात, पीण्या नावाच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात झाला. पत्रा वाकवताना मी अशी किंचाळले, की शेजारच्या कारखान्यातले लोक जेवणाचा भोंगा झाला समजून डबे उघडून बसले. तिथे काम करणाऱ्या प्राणेशरावांनी मला बसवनगुडीतल्या आपल्या कौलारू घराला बसवलं. नव्वद-एक्क्याण्णव साल असेल. घरात माणसं दोनच, ते आणि पद्मावतीबाई. शिवाय फाटकाशी एक गुलमोहर, जो आपली पानं सगळी माझ्याच ओटीत घालायचा.

दरवर्षी दसऱ्याआधी माझी आंघोळ असे. प्राणेशराव शिडीवर आणि पद्मावतीबाई खाली शिडी धरून.

"अहो, स्वल्प डावीकडं!"

"तुझ्या डावीकडं की माझ्या?"

"पानं काढा हो, वाद नको. आणि माझ्या डोक्यावर काय टाकताय?"

"फुलं आहेत त्यात. माळून घे."

कुंपणापलीकडून शेजारचे शिवकुमार ओरडत, "अक्का, शिडी घट्ट धरा! अण्णा पडले तर माझ्या कुंड्या फुटतील!"

मी लख्ख झाले की आत गोंबे मांडले जात. गोंबे म्हणजे बाहुल्या. नवरात्रात इथे त्या पायऱ्यांसारख्या फळ्यांवर मांडतात. सगळ्यात वरच्या फळीवर, माझ्याच भिंतीला टेकून, लाकडी राजा-राणी बसत. पद्मावतीबाईंना त्यांच्या आईने लग्नात दिलेली जोडी. आई गेल्यावर बाई कधी कधी त्या राणीशी हळूच बोलत. मी ऐकलंय.

मग प्राणेशरावांचा गुडघा कुरकुरू लागला. त्यांनी कारखान्यातून पिठाच्या चाळणीसारखी बारीक जाळी आणली आणि माझ्या तोंडावर ताणून बसवली.

"आता पान काय, मुंगीसुद्धा आत जाणार नाही," ते म्हणाले. "शिडीची कटकट संपली!"

शिडी शिवकुमारांकडे नारळ काढायला गेली. मीही फुशारले. घुंगट घेतलेली पन्हळ साऱ्या बसवनगुडीत मी एकटीच!

पण मित्रांनो, त्या दिवसापासून माझ्याकडे वर कुणी पाहीना. गुलमोहराची पानं जिऱ्याएवढी. ती पावसात भिजून जाळीवर चिकटली, थरावर थर बसले, अगदी घोंगडीच झाली. पुढच्या दसऱ्याला माझ्या आत एक पान नव्हतं, पण पाण्याचा थेंबही आत शिरत नव्हता.

आणि नवरात्रातच एका संध्याकाळी पाऊस कोसळला. घोंगडीवर आदळून पाणी मागे फिरलं आणि वाशांवरून घरात उतरलं. थेट वरच्या फळीवर!

"अहो! राजा भिजला! रंग चाललाय!"

"अगं, जाळी आहे ना वर?"

"जाळीला काय विचारता? शिडी आणा!"

शिवकुमार डोक्यावर गोणपाट घेऊन शिडीसकट धावत आले. प्राणेशराव कण्हत वर चढले. पद्मावतीबाईंनी राजा-राणीला पदरात गुंडाळून पदर कमरेला खोचला आणि दोन्ही हातांनी शिडी धरली. त्या रडत होत्या, पण पावसात ते फक्त मला दिसलं.

"स्वल्प डावीकडं..." त्या म्हणाल्या.

प्राणेशरावांनी या वेळी वाद घातला नाही. हिसडा मारून त्यांनी जाळी उपटली. मी असा घोट घेतला, मित्रांनो, की तो ढगवाला घोट त्यापुढे काहीच नाही! घरातली धार थांबली.

आत जाऊन बाईंनी पदर सोडला. राणीचा रंग शाबूत होता. राजाची मिशी मात्र साफ धुऊन गेली होती. प्राणेशराव मान खाली घालून उभे राहिले.

"मी नवी रंगवून देतो," ते पुटपुटले.

बाईंनी राजाकडे पाहिलं, मग ओल्याचिंब, गुळगुळीत दाढी केलेल्या नवऱ्याकडे पाहिलं.

"राहू द्या. आता कुठं तो तुमच्यासारखा दिसतोय."

ती बारीक जाळी पुढे अंगणात सांडग्यांवर गेली, कावळ्यांपासून राखण करायला. माझ्यावर आता मोठ्या भोकांची जाळी आहे, आणि शिडी परत घरी आली आहे. वर्षातून दोनदा प्राणेशराव एक-एक पायरी मोजून चढतात, खालून सूचना येतात, आणि मी मुद्दाम एखादं पान कोपऱ्यात दडवून ठेवते. तेवढाच त्यांचा वाद लांबतो.

तुमच्या घराला पन्हळ असेल तर तिला जाळी जरूर लावा, मित्रांनो. पण अधूनमधून वर बघत जा. आणि शिडी धरायला कुणी आपलं माणूस असेल, तर पानं थोडी सावकाश काढा.