आडनाव हरवलेले वजन

मित्रांनो, मी एक जुना टॅग आहे. टॅग म्हणजे संगणकाच्या फाईलमधल्या माहितीला लावलेली चिठ्ठी. साखर कुठली आणि मीठ कुठले ते कळावे म्हणून तुमच्या घरी डब्यांवर चिठ्ठ्या लावतात ना, तसाच मी. माझ्यावर लिहिले आहे 'वजन'. ठाण्यातल्या लहान मुलांच्या एका रुग्णालयात मी काम करतो. काट्यावर ठेवलेले मूल हातपाय झाडत असते, त्यातून कसाबसा आकडा मिळतो आणि तो माझ्याकडे येतो. त्या आकड्यावरून औषध किती द्यायचे ते संगणक ठरवतो. त्यामुळे माझा थोडा रुबाब होता, खोटे कशाला बोलू?

पुढे कल्याणच्या एका औषधांच्या गोदामाची माहिती आमच्या फाईलमध्ये आणायचे ठरले. कोणत्या मुलाला कोणत्या खोक्यातले औषध गेले, ते एकाच जागी दिसावे म्हणून. गोदामाचे टॅग आमच्यात राहायला आले, आणि त्यांच्यातही एक 'वजन' निघाला. तो औषधाच्या खोक्याचे वजन सांगायचा. तो काही वाईट नव्हता. आपल्या घरी तोही खराच होता. पण आता आम्ही एका छपराखाली आलो आणि हाक मारली की दोघेही ओ देऊ लागलो.

आमची फाईल ज्या शिवानीने बांधली, ती मोठी हुशार मुलगी. डोंबिवलीहून यायची, डबा खाता खातासुद्धा काम करायची. तिने आम्हा दोघांना आडनावे दिली. मी झालो 'रुग्ण:वजन' आणि तो झाला 'खोके:वजन'. फाईलच्या माथ्यावर तिने प्रत्येक आडनावाचा लांबलचक पत्ताही लिहिला. त्या पत्त्यावर कोणी जायचे नसते. दुसऱ्या कुणी तेच आडनाव घेतले, तरी घराणे वेगळे ओळखू यावे, एवढ्यापुरताच तो असतो. त्यानंतर आम्ही दोघे वर्षानुवर्षे सुखाने शेजारी राहिलो. शिवानीचे सगळ्यांनी कौतुक केले, आणि ती दुसऱ्या नोकरीवर गेली.

तिच्या जागी मितेश आला. त्याच सुमारास बिलांचा नवा प्रोग्रॅम बसवला गेला आणि तो आमच्या नावांमधल्या दोन टिंबांवर अडू लागला. बिलाच्या खिडकीपाशी माणसे खोळंबली, वरून फोनवर फोन आले. मितेश वैतागला होता. त्याने आमची आडनावे पुसली, माथ्यावरचे पत्तेही पुसले. शेजारच्याला म्हणाला, "नाव तर तेच राहतंय ना. फक्त पुढचं शेपूट काढलंय." प्रोग्रॅम चालू लागला आणि सगळे खूश झाले. मला ओरडावेसे वाटले, पण चिठ्ठीला तोंड कुठे असते?

बरेच महिने काही बिघडले नाही. औषधाचा हिशेब करताना संगणक आता नुसते 'वजन' शोधायचा आणि फाईलमधले पहिले उचलायचा, आणि मुलाला आधी काट्यावर ठेवत असल्याने पहिला मीच असायचो. दैवाने चालले होते.

मग एके दिवशी सकाळी कोलशेतच्या कोळीवाड्यातून जनाबाई आपल्या नातीला खांद्यावर टाकून धावत आली. पोरीचे नाव प्राप्ती. तिला तापात झटके येत होते. धावपळीत औषधाचे नवे खोके आधी फोडले गेले, त्याची नोंद आधी झाली. पोरीला काट्यावर नंतर ठेवले. सरोज सिस्टरांनी आकडा घातला, अकरा किलो. तो मी घट्ट धरून बसलो. पण माझ्या वर खोक्याचा 'वजन' बसला होता, बावीस किलो घेऊन.

तेवढ्यात सिस्टरांनी सहीसाठी जनाबाईच्या नावाने हाक मारली. म्हातारीने लगेच विचारले, "कंची जनाबाय? आमचे गावान तिघी हायेत. मी बंदरावरची." रडता रडताही तिने विचारले. त्यांच्यात तशी रीतच आहे, घराची खूण लावल्याशिवाय कोणी ओ देत नाही. मला तिचा हेवा वाटला. कारण त्याच क्षणी संगणकाने 'वजन' अशी हाक मारली, आणि ओ खोक्याने दिली.

पडद्यावर फक्त औषधाचे माप उमटले, दुप्पट. सिस्टरांनी ते दिले. झटके थांबले, पण पोर उठेना. श्वास मंद झाला, नाकाला नळी लागली. जनाबाई तिच्या पायाचे तळवे चोळत सारखी म्हणत होती, "बाय माजे, डोले उघड." मी अकरा किलो धरून तिथेच होतो, हाताच्या अंतरावर. मित्रांनो, खरे ठाऊक असून सांगता न येणे, याहून वाईट दुसरे काही नसावे.

दुसऱ्या दिवशी दुपारी प्राप्तीने डोळे उघडले आणि पाणी मागितले. मला रडता आले असते तर मी रडलो असतो.

चौकशी झाली. मितेशने फाईल उघडली आणि नेमके माझ्यावर बोट ठेवले. म्हणाला, "हे बघा, अकरा. डेटा बरोबर आहे. सिस्टरनीच चुकून जास्त दिलंय." सरोज सिस्टर सांगत राहिल्या की पडद्यावर जे माप होते तेच दिले. कोणी ऐकले नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि साक्षीदार मी. माझ्या खरेपणानेच त्यांची नोकरी गेली. जाताना त्यांनी प्राप्तीच्या कपाळावरून हात फिरवला. जनाबाई त्यांना म्हणाली, "तू नाय केलास. माना ठाव हाय." पण म्हातारीचे ऐकतो कोण?

मित्रांनो, आमची आडनावे अजून कोणी परत लावलेली नाहीत. दोन घरे एकत्र आणाल तेव्हा प्रत्येकाच्या नावापुढे त्याचे घर राहू द्या. ते शेपूट नसते. एवढे माझे कोणीतरी ऐका, आणि जरा लवकर ऐका. आत्ताच एक ताप आलेले बाळ आत आणले आहे. कल्याणहून आलेले खोके फोडले, त्याची नोंद झाली, खोक्याचा 'वजन' वर जाऊन बसला. बाळाला आता काट्यावर ठेवत आहेत. सरोज सिस्टरांच्या खुर्चीत कोणी नवी मुलगी आहे. बाई गं, तू तरी एकदा विचार, कंचं वजन?