हरपालशी हरपालच

हरियाणात मानेसरच्या त्या कारखान्यात मोटारींचे आरसे जोडले जात. तिथला मुरलीधर इतका चपळ, की तो पुढे सरकला तरी आरशात त्याचं तोंड दिसत राही; बिचाऱ्या आरशाला तो गेल्याचं उशिरा कळे. आणि हरपाल इतका निवांत, की त्याने स्क्रू पिळायला घेतला की शेजारच्या चहावर दोनदा साय धरे. खोटं वाटत असेल तर मानेसरला जाऊन विचारा.

बाकीची लाइन या दोघांच्या मधली. त्या सगळ्यांसाठी पुण्याहून आलेल्या क्षिप्राने आरसा टेकवून जोडायला एक तिरपा स्टँड बनवला होता, नोकरीतलं तिचं पहिलं स्वतःचं काम. निम्म्यांनी आधी जुन्या स्टँडवर आरसे जोडले, निम्म्यांनी आधी नव्यावर, मग अदलाबदल. वेळा मोजल्या. तिचे साहेब नरसिंह सर, त्यांनी आकडे कॉम्प्युटरमध्ये घातले आणि मीटिंगमध्येच निकाल दिला.

"फरक सिद्ध होत नाही. स्टँड भंगारात."

क्षिप्राने लगेच विचारलं, "सर, टेस्ट कुठली लावलीत?"

"दोन गटांची टी-टेस्ट. जुन्या स्टँडची सरासरी एकीकडे, नव्याची दुसरीकडे. कॉलेजात शिकवली नाही का?"

"पण दोन गट आहेतच कुठे, सर? माणसं तीच! तुम्ही मुरलीधरचा झपाटा हरपालच्या निवांतपणात कालवलात. त्या काल्यात माझ्या स्टँडने वाचवलेले सेकंद बुडणारच. हरपालची तुलना हरपालशीच करायची. प्रत्येकाचा जुना वेळ, नवा वेळ आणि मधला फरक. जोडीची टी-टेस्ट."

"वा गं! हरल्यावर नियम बदलायचे?"

टोमणा झोंबला, कारण त्यात तथ्य होतं. आकडे बघून झाल्यावर आपल्याला जिंकवणारी टेस्ट निवडणं तिलाही पटेना. तिने मान वर केली.

"मग पुन्हा मोजू या. टेस्ट आत्ताच ठरवते, सगळ्यांसमोर. जोडीची. फरक निघाला नाही, तर स्टँड मीच उचलून भंगारात टाकीन."

"बिल्कुल!" सर म्हणाले.

पुन्हा मोजणी झाली. मुरलीधरने जरासाच वेळ वाचवला. त्याच्याकडे वाचवण्याजोगा वेळ होता कुठे? हरपालनेही जरासाच. पण ज्याचा त्याचा फरक पाहावा तर एकाच बाजूला झुकलेला. सरांनी मुद्दाम आपली टेस्ट आधी लावली. फरक सिद्ध होईना. मग जोडीची लावली. स्क्रीनकडे पाहिलं, चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं.

"सगळ्या लाइनला हाच स्टँड लावा," ते म्हणाले. मग जरा हळू, "आणि पुढच्या वेळी मोजायच्या आधी हिला विचारा."

दारात हरपाल उभा होता. "मॅडमजी, मैं तेज़ हो गया क्या?"

"अपने आप से तेज़, हरपालजी!"

हरपालने छाती अशी काही फुगवली, की त्या दिवशी कंपनीच्या बसमध्ये दोघांना बसायला जागाच उरली नाही. त्यातली एक क्षिप्रा. तिने उभ्याउभ्याच पुण्याला फोन लावला. "आई, माझा स्टँड लागला!" अख्ख्या बसला ऐकू जाईल अशा आवाजात.