फोल्डरच्या तळाशी

मी बाबांच्या कॉम्प्युटरला नवी डिस्क लावून गेले त्याला आठ महिने झाले, आणि आईच्या फोल्डरमध्ये तेव्हापासून तिच्या फाइली दिसत नाहीत हे बाबांनी मला परवा सांगितलं. "तू कामात असतेस," म्हणाले. मी लोकांचे सर्व्हर सांभाळते, पगार त्याचाच मिळतो. घरी मात्र दिव्याखाली अंधार. संध्याकाळच्या परतीच्या गाडीचं तिकीट काढूनच मी आले.

आई अंध मुलांच्या शाळेसाठी पुस्तकं वाचून रेकॉर्ड करायची. ती गेल्यावर तिचा आवाज तेवढा उरला, आणि तो ऐकल्याशिवाय बाबांची दुपार सरत नसे.

कॉम्प्युटरवर लिनक्स मीच घातलं होतं. तो सुरू झाला की डिस्क आपोआप त्या फोल्डरवर येऊन बसावी, म्हणजे माउंट व्हावी, अशी एक ओळ सेटिंगच्या फाइलीत लिहिली होती. त्या ओळीत डिस्कचा ओळख क्रमांक असतो. आईच्या फाइली नव्या डिस्कवर घेऊन जुनी काढली, क्रमांक बदलला, ओळ तशीच राहिली. वर शहाणपणा असा, की डिस्क सापडली नाही तरी कुरकुर न करता पुढे जा, असंही मीच लिहून ठेवलेलं. त्यामुळे पडद्यावर एक अक्षर उमटलं नाही.

नवा क्रमांक लिहिला, डिस्क माउंट केली. आईच्या फाइली समोर आल्या. बाबांनी एक लावली. वाचता वाचता ती खोकली आणि "थांबा हं, पाणी पिते," म्हणाली. बाबा डोळे मिटून बसले. मला आई हवी होती, इतकी की दात आवळून धरावे लागले.

मग त्यांनी यादी वरखाली केली. "यात माझंही होतं थोडं. ते गेलं वाटतं."

"तुमचं काय?"

"काही नाही गं. असू दे." आणि ते चहा टाकायला उठले.

माझ्या लक्षात आलं. डिस्क नसताना त्या फोल्डरमध्ये काही ठेवलं, तर ते कॉम्प्युटरमध्येच राहतं. नंतर डिस्क वर येऊन बसली की खाली झाकलं जातं. पुसलं जात नाही. मी डिस्क फोल्डरवरून पुन्हा उतरवली. खाली दोनशे एकतीस फाइली होत्या, जवळजवळ रोजची एक.

हेडफोन लावून पहिली ऐकली. बाबांचा आवाज. "अगं, आज तू सापडली नाहीस, तर म्हटलं मीच बोलावं." नंतरची एक: "पोरीचा फोन नाही. कामात असेल. तिला फोन लावायचं खातं तुझं होतं, मला ते जमत नाही." आणखी एक: "आज चार मिनिटं बोलली. घसा बसलाय तिचा."

शेवटची कालची होती. "उद्या येतेय ती, डिस्कचं बघायला. हात चलाख आहे तिचा, तासाभरात उरकेल. जरा अवघड निघालं तर बरं होईल."

"झालं ना गं सगळं?" बाबांनी स्वयंपाकघरातून विचारलं.

"कुठलं, बाबा," मी म्हटलं. "चार दिवस तरी लागतील."