बॉबिनचे तीन फ्रॉक

तिचं खरं नाव कागदावर होतं आणि तो कागद संस्थेच्या मॅडमच्या फायलीत होता. आमच्या घरात ती पहिल्या आठवड्यापासून बॉबिन. एका जागी बसेल तर शपथ. माझ्या शिलाई मशीनभोवती दिवसभर अशी गरगर फिरायची की एकदा वैतागून मी म्हटलं, "अगं बॉबिन, थांब जरा," आणि मशीनच्या आत फिरणाऱ्या रिळाचं तेच नाव चिकटलं. आता मशीनवर चादर टाकून ठेवली आहे, डोळ्यांना सुईचं भोक दिसत नाही. पण दुपारी आडवी झाले की अजून मला पायथ्याशी ती लहान पावलं ऐकू येतात, आणि मी आपली उगाच कूस बदलते.

आली तेव्हा चार वर्षांची होती. बापाचा पत्ता नाही. आईच्या छातीत दुखणं भरलं होतं, संसर्गाचं. तिला दवाखान्यात ठेवल्यावर मुलगी शेजाऱ्यांच्या दारात बसलेली सापडली. आम्हाला मूलबाळ नाही. आमचे हे बस डेपोत वेळापत्रक सांभाळायचे, मी घरी कपडे शिवायची. संस्थेकडे आम्ही तात्पुरते पालक म्हणून नाव नोंदवलं होतं. मॅडमनी पहिल्याच दिवशी बजावलं, "तिला आई आहे. बरी झाली की ती घेऊन जाईल. तुम्ही मावशी, हे काका. उगाच जीव गुंतवू नका."

जीव गुंतवू नका! मॅडमना काय, उंटावरून शेळ्या हाकायच्या. रात्री पोर माझ्या पदराचं टोक मुठीत धरून झोपायची, ते काय मी कात्रीने कापून घ्यायचं होतं?

पहिल्या महिन्यात बोलली नाही. मी चिंध्यांची पेटी पुढे ठेवली. तिने रंगांप्रमाणे ढीग लावले आणि संध्याकाळी अचानक म्हणाली, "मावशी, निळे कमी आहेत." आमचे हे डेपोतून आले तेव्हा मी दारातच त्यांना ती बातमी सांगितली. दुसऱ्या दिवशी त्यांनी कुठून तरी निळ्या कापडाचा तुकडा आणला. पन्नाशी उलटलेला माणूस, पण चेहरा असा की परीक्षेत पहिला आलाय.

तिचे सगळे कपडे मी शिवायची. गळ्याला पायपिंगची बारीक कड, बाहीला चुणी, आत शिवणीत दोन बोटं माया, पुढच्या वर्षीही यावा म्हणून. तिला रस्त्यातून नेताना बायका वळून बघायच्या आणि मला फुगायला तेवढं पुरायचं.

दवाखाना आणि त्यानंतरची सक्तीची विश्रांती धरून तिच्या आईला दीड वर्ष लागलं. तेवढ्या काळात मुलीला भेटायची परवानगी नव्हती. मग मॅडमनी सांगितलं की आई बरी आहे, एका मोठ्या दवाखान्याच्या धुलाईघरात कामाला लागली आहे, खोलीही मिळाली आहे. आता एक शनिवार सोडून तुमच्या घरी दोन तास भेट. भेटी नीट झाल्या की मुलगी घरी. लागोपाठ तीन भेटी चुकल्या, तर बालकल्याण समिती दुसरा विचार करेल.

"दुसरा म्हणजे?" मी विचारलं.

"म्हणजे कायमचं घर. तुमचाच अर्ज आधी बघतील," मॅडम म्हणाल्या.

खरं सांगायचं तर तेव्हापासून मी त्या बाईला पाण्यात पाहायला लागले. अजून तिचं तोंडही पाहिलं नव्हतं.

पहिल्या शनिवारी ती आली. काटकुळी, केस घट्ट बांधलेले, हात धुलाईच्या पावडरीने सोलवटलेले. बॉबिन माझ्या मागे लपली. बाईने पिशवीतून एक फ्रॉक काढला, बाजारचा तयार, पिवळा. मी बघूनच ओळखलं, चार वर्षांच्या मुलीचा. बॉबिन तोवर सहाला आली होती आणि उंचीने सातची दिसायची. बाई दुकानात उभी राहिली असेल, हाताने कमरेजवळ उंची दाखवली असेल. तिच्या हाताला तेवढीच आठवत होती.

"नंतर घालून बघू," मी म्हटलं आणि फ्रॉक कपाटात टाकला. दुसऱ्या भेटीला हिरवा आला, तिसऱ्या भेटीला ठिपक्यांचा. तिन्ही एकाच मापाचे. तिन्ही कपाटात. आणि भेटीच्या प्रत्येक शनिवारी मी बॉबिनला न्हाऊ घालून, केस विंचरून, पोटभर जेवायला घालून, माझ्या हातचा नवा फ्रॉक चढवून बसवायची. म्हणायला आईसाठीच. पण आई बिचारी दोन तास हात मांडीवर ठेवून बसून राहायची. भरवायला काही नाही, पुसायला काही नाही. जायच्या वेळी माझेच आभार मानायची.

चौथ्या भेटीत तिने विचारलं, "ताई, तिने घातला का हो एखादा?"

मी माप सांगावं तसं सांगून मोकळी झाले, "अहो, बगलेत काचतात. गुडघ्याच्या वर येतात. काही उपयोग नाही त्यांचा."

ती हसली. बॉबिनच्या फ्रॉकच्या चुणीला बोट लावलं आणि म्हणाली, "हा छान बसलाय." त्यानंतर ती आली नाही.

पहिला शनिवार चुकला तेव्हा बॉबिन खिडकीत बसून राहिली. दुसरा चुकला तेव्हा खिडकीत गेलीच नाही. मॅडम फायलीत लिहून गेल्या, 'आईचा उत्साह कमी दिसतो.' मी तोंडाला कुलूप लावून त्यांना चहा दिला. आणि त्याच आठवड्यात बॉबिनसाठी शाळेच्या दप्तराचं कापड बेतायला घेतलं, पुढच्या वर्षीच्या. चोराच्या मनात चांदणं. कपाट उघडायची वेळ आली की मी मान दुसरीकडे वळवायची.

आमचे हे कमी बोलतात. त्या रविवारी मी शेजारणीचा कुर्ता कमरेत सैल करत होते, तर हे कपाटातून ते तीन फ्रॉक घेऊन आले आणि मशीनच्या फळीवर ठेवले.

"आळीभरच्या बायकांचे कपडे सैल करून देतेस," ते म्हणाले. "या तिघांनाच तुझी कात्री का लागली नाही?"

"तयार माल आहे. आत माया सोडलेली नसते. उसवून काय करू?"

"बाजूला कापडाची कळी घालता येते. पट्टी जोडता येते. मला शिकवू नकोस, तीस वर्षं बघतोय."

मला राग आला. माझा राग कसा, तर आधी भांडी आपटायची आणि मग कारण शोधायचं. त्या दिवशी भांडी आपटली, पण कारण सापडेना. संध्याकाळी स्वयंपाकघरात उभ्या उभ्या रडले. मला ती पोर हवी होती. मागून मिळाली नसती, म्हणून मी तिच्या आईला हळूहळू दाराबाहेर सरकवत होते आणि वर म्हणत होते की मी तर काहीच केलं नाही.

दुसऱ्या दिवशी फ्रॉक पिशवीत घालून धुलाईघर गाठलं. तळघरात होतं ते. वाफ, ओल्या कापडाचा वास, भिंतीला टेकलेल्या चाकांच्या गाड्या आणि त्यांत पांढऱ्या चादरींचे ढीग. बॉबिनची आई एकटीच घड्या घालत होती, जोडीदारीण सुट्टीवर होती. मला बघून तिचा चेहरा उतरला.

"तिला काही झालं का?"

"ती ठीक आहे," मी म्हटलं आणि चादरीची दोन टोकं उचलली. चादर एकटीने घडी करताना बघवत नाही मला. आम्ही दोघी ताणायचो, एकमेकींकडे चालत यायचो, टोकं तिच्या हातात द्यायची, मागे व्हायचं. अशा सात-आठ चादरी झाल्यावर ती बोलली.

"मी येत नाही म्हणून रागावलात का? शनिवारी सुट्टी असते मला. बसस्टॉपपर्यंत येते. मग परत फिरते."

"का?"

"आईला मुलीचं माप माहीत नाही, ताई. तुमच्याकडे तिचं कसं सगळं बेतशीर आहे. मी आणलेलं काही तिला येत नाही." तिने चादरीची कड नीट जुळवली. "मॅडमना सांगून टाकते. कुठे सही लागते तिथे करते. तिचं भलं होईल."

त्या क्षणी माझ्या मनात काय आलं ते लपवत नाही. करू दे, असं आलं. एक शब्द बोलायचा नाही, चादर खाली ठेवायची आणि घरी जायचं. 

मग पिशवी तिच्या पुढ्यात ठेवली. "हे घेऊन शनिवारी या. पोरीला मी आंघोळ घालणार नाही, जेवायलाही देणार नाही. मशीन तेल घालून ठेवते. माप तुम्ही घ्यायचं."

"मला शिवता येत नाही."

"मला तरी आईच्या पोटात कुठे येत होतं?" मी म्हटलं. "आणि ते फ्रॉक तिला येत नाहीत याला तुम्ही जबाबदार नाही. मला ते मोठे करता आले असते. मी केले नाहीत. मुद्दाम केले नाहीत."

 ती ओरडली असती तर बरं वाटलं असतं. पण तिने नुसती पिशवी उचलून आपल्या खुंटीला अडकवली.

शनिवारी ती आली तेव्हा बॉबिन पारोशी, केसांच्या झिपऱ्या झालेली, भुकेने किरकिर करणारी. मी टेप आईच्या हातात दिली आणि स्वयंपाकघरात गेले. तेवढं अंतर चालायला मला फार जड गेलं. आतून ऐकू येत होतं. खांदा, छाती, कंबर. मग गुदगुल्या झाल्या म्हणून हसणं. मग आईचा आवाज, "अगं, इथे तुला तीळ होता, तो केवढा वर गेला." मग दूध हवं म्हणून हट्ट; मी पेला दारातूनच आईच्या हातात दिला. नंतर डोकावले, तर बॉबिन तिच्या मांडीवर बसून दूध पीत होती आणि ती एका हाताने केसांतला गुंता सोडवत होती.

तीन फ्रॉकचा मिळून आईच्या हातून एक झाला. वरचा भाग पिवळा, कळ्या हिरव्या, खाली ठिपक्यांची झालर. शिवण नागमोडी गेलेली. माझ्या हाताखाली कुणी असा शिवला असता तर मी घरी पाठवलं असतं तिला. अगदी ध्यान. बॉबिनने तो सलग चार दिवस अंगावरून काढू दिला नाही.

पुढचं सरळ झालं. आधी एक दिवस आईकडे, मग एक रात्र, मग आठवडा. समितीपुढे मॅडमनी मला विचारलं, मी सांगितलं, "पोरीचं घर तिकडे आहे." आवाज बरा लागला माझा. ती गेली त्या दिवशी आमचे हे डेपोतून लवकर आले आणि कुणी काही विचारायच्या आत झोपून गेले. मी उगाच चिंध्यांचे ढीग लावत बसले.

पहिला महिना आम्ही जायचं नाही, मुलीला रुळू द्यायचं, असं मॅडमनी सांगितलं होतं. महिना संपला त्याच दिवशी मी गेले. दोन जिने चढून एक खोली. दार बॉबिननेच उघडलं. मला वाटलं होतं, धावत येऊन कमरेला मिठी मारेल. ती "मावशी आली" म्हणाली, खूश झाली, आणि घरातली एकुलती एक खुर्ची ओढत घेऊन आली.

"तू इथे बस. आमच्याकडे पाहुणे इथे बसतात."

मी बसले. आई कामावरून नुकती आली होती, ती उठू लागली तर बॉबिनने तिला हाताने खाली बसवलं, "तू दमलीयेस ना, मी देते." टाचा उंच करून माठाजवळच्या फळीवरून पेला काढला, पाणी भरलं आणि न सांडता दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरला. गेली दोन वर्षं ती पाणी मागायची आणि मी द्यायची. मी सगळं पाणी प्याले. 

"अजून देऊ?" तिने विचारलं.

तहान नव्हती. मी पेला पुढे केला आणि म्हटलं, "दे."