बाबारावांच्या ओळी

"काढून टाकला म्हणजे? कोणाले विचारून?"

"आजी, ओरडू नको ना. जुना कंटेनर काढला, नवा टाकला. अपडेट असंच करतात."

नूपुर माझी नात. मिहानमधल्या सॉफ्टवेअर कंपनीत दिवसभर हेच करते. माझ्या संगणकावरचा गप्पांचा प्रोग्राम तिनंच बसवून दिलेला. काळा पडदा, पांढरी अक्षरं. चित्रं नाहीत, माऊस नाही. मला टेलिप्रिंटरची सवय, म्हणून मीच तसा मागितला होता. तो तिनं एका कंटेनरमध्ये ठेवला. बंद डबा समज, म्हणाली, बाहेर काही बिघडलं तरी आत धक्का लागणार नाही.

त्या डब्यात बाबाराव होते.

मी नागपूरच्या तार ऑफिसात, ते कामठीच्या. सव्वीस वर्षं तारेच्या दोन टोकांना बसून आम्ही लोकांचे जन्ममृत्यू इकडून तिकडे पाठवले. शेवटची तीन वर्षं रोज सकाळी सातला ते या पडद्यावर लिहीत. पौषात गेले. त्यांच्या मुलानं त्यांचा संगणक भंगारात घातला, तेव्हा त्यांचं लिहिलेलं फक्त माझ्याकडे उरलं. रोज सातला मी त्यातला एक महिना वाचत असे.

"ते कुठं आहे आता?"

नूपुर बराच वेळ खटखट करत राहिली. मग तिनं हात मांडीवर घेतले. "सगळं आतच साठून राह्यलं होतं, आजी. बाहेरचा फोल्डर जोडायले पाह्यजे होता. मी विसरली. डबा गेला, तर तेबी गेलं."

"म्हणजे डबा धुवायले घेतला अन् आतलं मोरीत ओतलं! उघडून तर पाह्यचं होतं वं!"

"मले वाटलं, जुन्या गप्पा कोण पाह्यते..."

"काहून? म्हाताऱ्यायच्या हायेत म्हणून?"

परक्या माणसाच्या तारेची प्रत जाळायची, तरी आमच्याकडे मुदत संपावी लागे, वहीत नोंद होई, दोघांच्या सह्या पडत. 'मुलगा झाला' एवढ्या दोन शब्दांसाठीसुद्धा. इथे तीन वर्षांच्या सकाळी गेल्या, आणि ही पोरगी म्हणते, अपडेट!

नूपुरचे डोळे भरले. मला दया आली नाही, खोटं कशाला सांगू.

"तू सांग, मी टाईप करते," ती हळूच म्हणाली. "तुले तर समदं पाठ राह्यते."

"तू नको हात लावू. आधी तो बाहेरचा फोल्डर जोड. माह्यासमोर."

तिनं जोडला. मी खुर्ची ओढून बसले आणि नव्या फाइलमध्ये लिहू लागले. तारीख, वेळ, मग मजकूर. त्यांची बायको गेली त्याच्या पुढच्या महिन्यापासून सुरुवात केली.

'हिची निळी साडी भांडेवालीला दिली. मग दोन गल्ल्या तिच्या मागे धावलो.'

'आज गुडघा सुटीवर. मीही.'

'भाजीत मीठ नव्हतं. कोणाला सांगू?'

नूपुर मागे उभी राहून वाचत होती. एकदा हसली. अकरा तारखेपाशी मी अडले. दवाखान्याचं काही होतं, की मुलाचं? कितीदा वाचलेली ओळ, पण येईना.

"टाक ना काहीतरी, त्यायच्यासारखं," नूपुर म्हणाली. "तुले येते त्यायची भाषा. कोणाले समजते?"

"चूप बस. दुसऱ्याच्या तारेत आपला शब्द घालायचा नसते."

तारीख टाकली. वेळ आठवत होती, सात वाजून दोन मिनिटं, तीही टाकली. पुढची ओळ कोरी सोडली आणि बारा तारखेवर गेले.