शर्यतीला गेलेली बादली

मी एक जुनी प्लॅस्टिकची बादली आहे. हसलात? हसा. पण मित्रांनो, तुमच्या ओळखीच्या किती बादल्यांनी समुद्र पाहिलाय? किती बादल्यांवर दातांचे डॉक्टर तोंड पाडून बसलेत? नाही ना? मग ऐका.

माझा जन्म कारखान्यात झाला. त्या दिवशी यंत्रावरचा माणूस फोनवर मेहुण्याशी भांडत होता. त्या भरात त्याने केशरी दाण्यांवर गुलाबी दाणे ओतले. दोन्ही वितळून जो रंग झाला, त्याला अजून कुणी नाव दिलेलं नाही. माझ्याबरोबरच्या सगळ्या बादल्या पुन्हा वितळवल्या. मी तेवढी कुणाच्या नजरेला न पडता ट्रकमध्ये चढले. माझा रंग बघता ही कमालच म्हणायची.

दुकानात मी दोन वर्षं पडून होते. "नको हो, डोळ्यांत खुपतेय," म्हणून लोक पुढे जायचे. शेवटी दुकानदाराने मला एका मोठ्या ड्रमबरोबर फुकट देऊन टाकलं. घेणाऱ्या बाई चष्म्याच्या दुकानात कामाला होत्या. त्या म्हणाल्या, "बरी आहे. आमच्या दुकानातलं एकही गिऱ्हाईक हिच्यात पाय अडकून पडणार नाही."

त्या म्हणजे टिटवीच्या आई. टिटवीचं खरं नाव वेगळं आहे, पण पाय एवढे लांब आणि बारीक, की घरात सगळे तिला टिटवीच म्हणायचे. सतरा वर्षांची. तिला ट्रायथलॉनचं वेड. म्हणजे आधी पोहायचं, मग सायकल हाणायची, आणि तरी जीव शिल्लक असेल तर धावायचं. तिचे बाबा लिफ्ट दुरुस्त करायचे. टिटवी रोज सकाळी त्यांच्याच इमारतीचे एकवीस मजले जिन्याने चार वेळा चढायची. बाबा कपाळाला हात लावायचे. "लोकांना जिने चढायला लागू नयेत म्हणून मी आयुष्यभर ग्रीस खाल्लं, आणि पोटची पोर बघा!"

मी तेव्हा बाथरूममध्ये होते. सहा वर्षं गरम पाणी, थंड पाणी, साबण. तक्रार नव्हती, पण नावही नव्हतं.

मग तो उन्हाळा आला. तीन शर्यती होत्या. पहिल्या दोन सरावाच्या. तिसरी निवडीची. तिसरीत मुलींमध्ये ज्या पहिल्या दोघी येतील त्यांना मोठ्या शिबिराला पाठवणार होते. पुढच्या वर्षी टिटवीचं वय उलटणार होतं. म्हणजे यंदा नाही तर कधीच नाही.

या शर्यतीत एक गंमत असते. पाण्यातून बाहेर आलं की एका मैदानात दोनशे सायकली रांगांनी लोखंडी दांड्यांवर टांगलेल्या असतात. धापा टाकत, डोळ्यांत पाणी घेऊन त्यातून आपली शोधायची. टिटवी नेमकी तिथे गोंधळायची. एकदा ती आपल्याच सायकलीपुढून तीन वेळा धावत गेली होती.

तिच्या प्रशिक्षक मॅडम शिट्टी तोंडात धरूनच बोलायच्या, त्यामुळे त्यांच्या प्रत्येक वाक्याला शेपूट असायचं. त्या म्हणाल्या, "सायकलीजवळ काहीतरी खूण ठेव. ठळक. फुर्रर्र!"

आई स्वयंपाकघरातून ओरडल्या, "बाथरूममधली बादली ने! चंद्रावरून दिसेल."

अशी मी खेळात आले.

गाडीत मला मागच्या सीटवर मधोमध बसवलं, पट्टा लावून. माझ्या पोटात हेल्मेट, बूट, चार टॉवेल आणि केळी. पहिल्याच वळणावर केळी बुटात गेली.

"आरशात मागचं काही दिसत नाही," बाबा म्हणाले. "नुसती बादली दिसते."

"मागच्यांनाही तीच दिसतेय," आई म्हणाल्या. "बघा, कसे लांब राहिलेत."

पहिली शर्यत तळ्याकाठी झाली. टिटवी पाण्यातून निघाली, मान वर केली, आणि बाणासारखी माझ्याकडे आली. माझ्यावर बसून बूट चढवले, केळ्यासकट, आणि गेली. तिसरी आली! बाबा सगळ्यांना सांगत सुटले, "बादलीची कल्पना आमचीच." दोन बायका तर माझा फोटो काढायला आल्या. मित्रांनो, खोटं कशाला बोलू, माझ्या डोक्यात हवा गेली. बक्षीस टिटवीला मिळालं असलं तरी जिंकले मीच, असं मला मनापासून वाटायला लागलं.

दुसरी शर्यत समुद्राकाठी. वारा असा, की पंचांच्या टोप्या त्यांच्या आधी मैदानात पोचत होत्या. सामान काढून घेतलं आणि मला रिकामीच ठेवून टिटवी पोहायला गेली. एक झोत आला आणि मी निघाले. गडगड गडगड, दोन रांगा ओलांडून एका दातांच्या डॉक्टरांच्या सायकलीपाशी थांबले.

टिटवी बाहेर आली. मान वर केली. बाणासारखी माझ्याकडे आली.

सायकल काळी होती, तिचीही काळीच. हेल्मेट डोळ्यांवर उतरलं तरी तिला शंका आली नाही. चढून रस्त्याला लागली तेव्हा कळलं की पाय पेडलला टेकत नाहीत. तिच्यासारख्या टिटवीचे! डॉक्टर सहा फूट चार इंच होते. ते बिचारे पाण्यातून आले, रिकाम्या दांडीकडे बघितलं, माझ्यावर बसले आणि आपल्या पिशवीतलं केळं सोलून खाल्लं.

अर्ध्या किलोमीटरवरून टिटवी उभ्याने सायकल मारत परत आली. पंचांनी शिट्टी वाजवून तिला शर्यतीतून काढलं.

"सॉरी काका," ती रडत म्हणाली.

"असू दे गं," डॉक्टर म्हणाले. "दात दाखवायला ये कधीतरी. मग बघतो तुझ्याकडे."

परतताना गाडीत मी डिकीत होते. मॅडमनी फोनवर जे सुनावलं ते मला तिथेही ऐकू आलं. "बादलीच्या भरवशावर शर्यत करतेस? बादली काय देव आहे? रांगा मोज! दांड्या मोज! फुर्रर्र!"

त्यानंतर माझे वाईट दिवस आले. मला गॅलरीत टाकलं. माझ्यात फरशी पुसायचं फडकं पिळायला लागले. ऊन, धूळ, कबुतरं. कबुतरांबद्दल मी जास्त बोलणार नाही. टिटवी येता-जाता माझ्याकडे बघायचीसुद्धा नाही. ती स्टेशनबाहेरच्या सायकल स्टँडवर सराव करत होती. मॅडम तिची सायकल कुठेतरी लावायच्या, जागा एकदा दाखवायच्या, तिला गोल गोल फिरवायच्या आणि सोडायच्या. स्टँडवाले काका वैतागले होते. बाबा घरी येऊन त्यांची नक्कल करायचे. "बाई, ही मुलगी रोज गरगर फिरून घेते आणि सायकल उचलून पळते. हा कसला क्लास काढलाय तुम्ही?"

दहांतल्या सहा वेळा जमायचं. चार वेळा नाही.

तिसऱ्या शर्यतीच्या आदल्या दुपारी टिटवी गॅलरीत आली. तिने मला धुतलं, घासलं, टॉवेलात गुंडाळलं.

"बाबा, मॅडमना सांगू नका हं."

"मी काही बघितलंच नाही," बाबा म्हणाले. मला न बघणं किती अवघड आहे ते त्यांनाच ठाऊक.

शर्यत धरणाजवळ होती. टिटवीने मला सायकलीखाली ठेवलं, या वेळी पाणी भरून. तेवढ्यात हातात नियमांचं पुस्तक घेतलेले एक किडकिडीत पंच आले.

"ही काय आहे?"

"बादली, सर."

"ते दिसतंय. निवडीच्या शर्यतीत खुणेच्या वस्तूंना बंदी आहे. नियम वाचले नाहीत?"

"खूण नाही, सर. पाय धुवायला आहे."

"धुवा ना. घरी." त्यांनी मला उचललं, पाणी ओतलं आणि मैदानाच्या दुसऱ्या टोकाला जप्तीच्या ढिगावर नेऊन ठेवलं. तिथे आधीच एक छत्री, सात फुगे आणि एक चार फुटी कापडी अस्वल होतं. टिटवीचा चेहरा पांढरा पडला.

शिट्टी झाली. मी वाट बघत राहिले. पाण्यातून पहिली मुलगी आली. दुसरी आली. तिसरी टिटवी.

तिने मान वर केली. आणि मित्रांनो, तिला मी दिसले. दिसणारच! अख्ख्या मैदानात दुसरं काही दिसतच नव्हतं. तिचे पाय माझ्याकडे वळले. एक पाऊल. दोन पावलं. तीन.

जन्मात पहिल्यांदा मला वाटलं, आपण राखाडी असतो तर! कुणीतरी ते अस्वल माझ्यावर ढकला रे! मी ओरडत होते, "इकडे नाही, बाई! मी इथे नाहीच आहे!" पण बादलीचं ऐकतंय कोण?

टिटवी थांबली. तिने डोळे मिटले, चक्क मिटले, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "नळापासून चौथी रांग. डावीकडून अकरावी." मग माझ्याकडे पाठ करून पळाली. एक, दोन, तीन, चार. वळली. बोटाने दांड्या मोजत गेली. अकराव्या सायकलीवर हात ठेवला तेव्हा दुसऱ्या नंबरची मुलगी अजून आपले बूट शोधत होती.

माझ्याकडे पाठ करून पळणारी ती टिटवी आठवली की अजूनही माझी कडी ताठ होते.

पुढचं मला दिसलं नाही, फक्त लाउडस्पीकरवरून कळलं. सायकलवर टिटवी मागे पडली. धावताना तिने त्या बूटवाल्या मुलीला पुन्हा गाठलं. शेवटच्या वळणावर दोघी बरोबर. मग बाबांची बोंब ऐकू आली, लाउडस्पीकरपेक्षा मोठी. "जिना समज गं! जिना समज!" आणि मग टिटवीचा नंबर पुकारला, "एक्केचाळीस नंबर, दुसरी!"

बाबांनी आनंदाच्या भरात समोर आला त्याला उचललं. ते किडकिडीत पंच होते. खाली ठेवल्यावर त्यांनी चष्मा सरळ केला आणि म्हणाले, "तुमची बादली घेऊन जा आता. माझं डोकं दुखायला लागलंय."

आठवड्याने शिबिराचं पत्र आलं. खाली सामानाची यादी होती. अंथरूण, पांघरूण, कुलूप, बादली एक.

"नवी घेऊ या," आई म्हणाल्या. "चार मुलींत बरं दिसेल."

"ही आहे की," टिटवी म्हणाली. "सायकल शोधायला नकोय आता. आंघोळीला हवीय."

तर मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. घरातल्या वस्तू वापरा, धुवा, पालथ्या घालून वाळवा आणि कबुतरांच्या हवाली करू नका. आणि एखाद्या दिवशी आमच्यावाचून तुमचं अडेनासं झालं, तर लाजू नका. आम्ही रुसत नाही. ज्याला आधार दिला तो आपल्या पायांनी पळताना बघायला मिळणं, यापेक्षा मोठं बक्षीस बादलीला कुठून मिळणार?

बरं, आता निघते. इथे शिबिरात तिला साडेपाचला तलावावर पोचायचंय, आणि नळाच्या रांगेत माझा नंबर पहिला आहे.